क्लॉडियसची प्रार्थना

इंग्रजी नाटकांच्या अभ्यासकाला स्वगत, नाट्यगत उपरोध, शोकनायकाचा प्रमाद इत्यादी संज्ञा आरंभीच पाठ कराव्या लागतात; परंतु त्यांच्या मुळाशी धर्मशास्त्राचे केवढे बिकट प्रश्न दडलेले असतात, याची वार्ता परीक्षेच्या धामधुमीत फारशी कोणास लागत नाही. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश घ्या. सख्ख्या भावाचा खून करून त्याचे राज्य आणि राणी बळकावणारा क्लॉडियस एकांतात स्वतःची अशी कसून उलटतपासणी घेतो की, मुद्देमाल घरात ठेवून केलेला माफीचा अर्ज ईश्वराच्या दरबारी मंजूर कसा व्हावा, या सवालापाशी त्याची मती कुंठित होते. अपराधाची जाणीव खरी. पण मुकुट सोडवत नाही. तरीही तो गुडघे टेकतो. इतक्यात मागून आलेला हॅम्लेट, प्रार्थना करताना मेलेला पापी स्वर्गास जाईल आणि सूड अपुरा राहील, या हिशेबाने उपसलेली तलवार म्यान करतो. आणि तो निघून गेल्यावर राजा कबुली देतो की, प्रार्थना साधलीच नाही. नायकाला अज्ञात ते प्रेक्षकाला ज्ञात, हाच तो उपरोध.

शत्रूच्या देहावर न थांबता त्याच्या आत्म्याचीही दुर्गती इच्छिणारे हॅम्लेटचे हे भाषण डॉक्टर जॉन्सनला उच्चारण्यापलीकडचे भयंकर वाटले, आणि ते रास्तच होते. गोपाळ गणेश आगरकरांसारख्या कट्टर बुद्धिवाद्याने १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले, हेही लक्षणीय होय. माझ्या मते या प्रवेशापुरता तरी खुनी राजाच राजपुत्राहून अधिक धार्मिक ठरतो.