ठसा कुणी मोडायचा?

केडगावात राहतो म्हटलं की पुणेकर हमखास विचारतात, "पंडिता रमाबाईंचं?" नाही. ते दौंडजवळचं. आमचं नगरचं, रेणुकामातेचं. एका परिसंवादाला आलेल्या समीक्षक महाशयांनीही हीच गल्लत केली, ती मी सोडून दिली. पुढची सोडणार नाही. त्यांच्या मते स्वतःच छापायचं, स्वतःच वाटायचं आणि प्रस्थापितांची पायरी चढायची नाही, ही बंडखोरी मुंबईत साठच्या दशकात जन्मली आणि आता लिनोकट करणाऱ्या पोरांमधून 'निमशहरांत झिरपते आहे'. झिरपते! म्हणजे टाकी मुंबईची आणि खाली रांजण आमचे.

मुंबईच्या त्या लघुअनियतकालिकांना मी नावं ठेवत नाही. राजा ढाले आणि मंडळींनी १९६९ साली 'सत्यकथा' मासिकाची होळी केली, अशोक शहाण्यांनी १९८३ साली वसंत दत्तात्रेय गुर्जरांची अख्खी कविता पोस्टर म्हणून काढली. मान्य. पण नेवासे तालुक्यातल्या तरवडीचं काय करायचं? मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं 'दीनमित्र' हे सत्यशोधकी साप्ताहिक या खेड्यातून निघत राहिलं, ते १९६७ साली मुकुंदराव जाईपर्यंत. वडील कृष्णराव भालेकर, १८७७ साली 'दीनबंधु' काढणारे. म्हणजे हे खूळ रक्तातलंच. मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. थाट पोथीचा, छंद ओवीचा, आणि गायल्या त्या गावच्या कुलकर्ण्याच्या लबाड्या. ज्याच्या दप्तरापुढे गाव थरथरायचं त्याला पोथीचा नायक करून टाकायचं, ही खोडी मला आजच्या शंभर भित्तिचित्रांपेक्षा धारदार वाटते. ही टाकी कुठल्या गच्चीवर होती, ते महाशयांनी सांगावं.

ज्या पोरांचं कौतुक झालं त्यांच्याकडे मी गेलो तो भांडायलाच. एका गाळ्यात चार-पाच जण. छापायला यंत्र नाही. लिनोचा तुकडा उन्हात ठेवून मऊ करायचा, कोरायचा, रूळ फिरवून शाई लावायची, वर कागद आणि कागदावर स्टीलच्या डावाची पाठ घासायची. वरणाचा डाव! इथवर मी खूश होतो. मग प्रतीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, ३/१५. पंधरा प्रती झाल्या की ठसा मोडायचा. माझं डोकं फिरलं. छपाई जन्मली ती प्रती वाढवायला. त्या मोजून भाव चढवणं हा सराफाचा धंदा.

"काका, आम्ही मोडत नाही, तो संपतो," एक पोरगी म्हणाली. आधी फिका रंग छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून दुसरा, मग तिसरा. शेवटच्या रंगापाशी पहिल्याचा ठसा उरलेलाच नसतो. "तीन रंगांना तीन लिनो कुठून आणू?"

मी गप्प झालो, कारण पोरवयात दोन उन्हाळे मी छापखान्यात खिळे जुळवले आहेत. पान छापून झालं की मजकूर सोडायचा, एकेक खिळा धुऊन आपापल्या घरात परत. खिळे मोजके, आजचं पान मोडल्याशिवाय उद्याचं उभं राहत नसे. तरवडीला तरी याहून वेगळं काय असणार? सत्तावन्न वर्षं आठवड्यामागून आठवडा ठसा मोडत गेला असेल. ज्या मुकुंदरावांना मी साक्षीला आणलं, त्यांनी साक्ष पोरीच्या बाजूनं दिली.

तरी पंधरा प्रती जातात कुणाच्या घरी, हा माझा सवाल मी मागे घेत नाही. मेक्सिकोत १९३७ साली लिओपोल्दो मेंदेस आणि सोबत्यांनी छापचित्रांची सामाईक कार्यशाळा उभी केली, तेव्हा स्वस्त कागदावर कामगारांसाठी पत्रकं काढली. आणि त्या दुसऱ्या केडगावात, रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, निराधार म्हणून आलेल्या बायका-मुली खिळे जुळवत होत्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेला बायबलचा अनुवाद तिथंच छापला गेला; त्या १९२२ साली गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. म्हणजे महाशयांची पहिली गल्लतच कामाची होती. ती त्यांनी आणखी थोडी ताणायला हवी होती.

निघताना पोरीनं एक बिघडलेली प्रत दिली. कांद्याच्या गोण्या, वर ठळक अक्षरात 'लिलाव'. ठशावर अक्षर उलटं कोरायचं असतं. वेलांटीपाशी तिचा हात चुकला आणि कागदावर 'लीलाव' उमटला होता.

"यावर नंबर नाही," ती म्हणाली, "म्हणून फुकट."