चौथ्या गटातल्या स्त्रिया

१९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊ लागल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून जीव वाचवणारी तपासणी कोणती, हे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांना शोधायचे होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या अभ्यासात होत्या. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले गेले. पहिल्या गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातल्या स्त्रियांना रोगाची माहिती सांगितली गेली. तपासणी झाली नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगापुढे आले. एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती द्या असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत या खेड्यांचा वाटा आहे. आणि हा पुरावा जितका तपासलेल्या स्त्रियांचा, तितकाच त्या ६४ जणींचा आहे. त्यांचे मृत्यू मोजले गेले नसते, तर ३४ हा आकडा लहान की मोठा, हे कुणाला सांगता आले असते?

मग चौथा गट ठेवणे योग्य होते का? जीव वाचवू शकणारी तपासणी जगात असताना इतक्या स्त्रियांना तिच्यापासून दूर ठेवणे अनैतिक होते, अशी कडक टीका पुढे झाली. त्यावर संशोधकांचे उत्तर असे, की त्या भागात तपासणी नव्हतीच. कुणाचे काही काढून घेतले नाही. मला हे उत्तर अर्धेच पटते. ज्ञानातली अनिश्चितता खरी होती, हे मान्य करावेच लागेल. श्रीमंत देशांनी अनेक दशके ज्या पॅप स्मिअरवर भरवसा ठेवला, त्याने या अभ्यासात एका फेरीनंतर मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. अ‍ॅसिटिक आम्लाच्या पाहणीनेही दिसली नाही. तीच पाहणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एवढा फरक नुसत्या अंदाजाने कुणाला कळला नसता. पण गावात तपासणी नसणे ही काही निसर्गाची करणी नव्हती. ती आपली, आपल्या आरोग्यव्यवस्थेची स्थिती होती, आणि तिचा आधार घेऊन अभ्यास उभा राहिला. अशा अभ्यासातून निघालेले ज्ञान कर्जाऊ असते.

अशा अभ्यासात, म्हणजे ट्रायलमध्ये, जाणाऱ्या माणसाकडून आपण काय मागतो, हे आपण त्याला क्वचितच धड सांगतो. डॉक्टर आपल्यासाठी जे उत्तम तेच निवडतील, या विश्वासाने रुग्ण येतो. ट्रायलमध्ये औषध डॉक्टर निवडत नाहीत, चिठ्ठी निवडते. पुष्कळदा कुणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टरसाहेब’ असे म्हणून सही करणाऱ्याला हे कळलेले असतेच असे नाही. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनी पुष्कळ सुधारणा केली. रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती, निरक्षर असल्यास त्रयस्थ साक्षीदार, कधीही बाहेर पडण्याची मुभा, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई. हे सगळे हवेच होते. आधी काय चालत होते त्याचा एक पुरावा याच रोगाच्या लसीतून मिळाला. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा इथे शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. मृत्यू लसीमुळे झाले असावेत असे चौकशी समितीला पुढे वाटले नाही. लस निर्दोष असली तरी परस्पर घेतलेल्या सहीने लोकांचा विश्वास गेला, आणि त्याची किंमत पुढे मुलींनीच मोजली.

म्हणून लोकांनी ट्रायलपासून लांब राहावे, असे मी म्हणणार नाही. मद्रासमध्ये १९५६ ला सुरू झालेल्या अभ्यासात १९३ क्षयरोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरे दाटीवाटीची, खाणेपिणे बेताचे. तरी घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. आज गावोगावचा क्षयरोगी घरात राहून गोळ्या घेतो, त्यामागे त्या रोग्यांचे सहकार्य आहे. इथे कर्ज फिटले असे म्हणता येते. त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्यासारख्याच गरिबांच्या घरी परत आले.

धाराशिवचे उत्तर कुठे आले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली आढळली. २००९ चा निकाल हाताशी असून ही अवस्था.

संमतिपत्रात आज धोके असतात, भरपाई असते, फोन नंबर असतो. त्यात आणखी दोन गोष्टी असाव्यात: निकाल लागल्यावर तो आम्हाला आमच्या भाषेत कोण, केव्हा येऊन सांगणार, आणि उपचार लागू पडला तर आमच्या सरकारी दवाखान्यात तो आणण्याची जबाबदारी कुणाची. ट्रायलला जाणाऱ्या प्रत्येकाने सहीआधी हे विचारावे, सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने विचारावे. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत डॉक्टर नसलेला सामान्य नागरिक सदस्य असतो, त्यानेही विचारावे. आणि याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत कमिटीने मंजुरीचा कागद हातावेगळा करू नये.