अतिवाहन

माझ्या कपाटात एक वही आहे. २०११ च्या चातुर्मासात गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांसमोर परिग्रह-परिमाणाचं, मालमत्तेला मर्यादा घालून घेण्याचं व्रत घेतलं, तेव्हाची. त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: घर एक, शेती तीन एकर, चारचाकी एक, दुचाकी एक. खाली सोन्याचे तोळे आणि रोख रकमेची मर्यादा. इतक्या वर्षांत ती यादी वाढलेली नाही. गाडी बदलली, पण जुनी देऊन नवी घेतली. आकडा एकचा एकच राहिला, आणि त्याचं मला समाधान होतं.

ते समाधान ढळलं एका इंटरकूलरमुळं.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून परत येत होतो. सोबत आक्का, माझी थोरली बहीण. तिचा रात्रिभोजनत्याग आहे. सूर्य मावळायच्या आत दोन घास पोटात गेले तर गेले, नाहीतर सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. साखरपा सोडलं तेव्हा पावणेसहा झाले होते. आंबा घाट चढायला लागलो आणि पुढं सिमेंटच्या दोन गाड्या. एसी चालू, इंजिन तापलेलं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चाललोय. मोकळा रस्ता दिसला की पाय दाबायचो, पण गाडी ओढायचीच नाही. एरवी हीच १.८ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी पायाखाली उसळते, आणि त्या दिवशी जणू तिच्या छातीत श्वासच पुरत नव्हता. आक्का काही बोलली नाही. खिडकीतून उतरत्या उन्हाकडं बघत होती. मलकापुरात पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. तिनं गाडीतच दोन केळी खाल्ली, पाणी प्यायली, डोळे मिटून णमोकार म्हटला. मला फार लागलं ते.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझा नेहमीचा मेस्त्री आहे, तिशीतला हुशार पोरगा. त्यानं दुपारच्या उन्हात गाडी फिरवली, सिग्नलला, ट्रकच्या मागं, मुद्दाम. स्कॅनर लावून मला आकडा दाखवला: बाहेर ३८ अंश, आणि इंजिनात शिरणारी हवा ७४ अंश. "साहेब, गाडीत फॉल्ट काय नाही. हवा गरम जातीय आत, म्हणून कॉम्प्युटर हात आखडता घेतोय."

शिरोलीच्या एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, त्यामुळं पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. टर्बो ही मुळात फार सात्त्विक कल्पना आहे असं मला नेहमी वाटतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्वीस अभियंत्यानं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. जो धूर आपण सायलेन्सरमधून फेकूनच देणार, त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या चाकानं हवा दाबून इंजिनात भरायची. टाकाऊतून काम. पण दाबली की हवा तापते. सायकलला हवा मारताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच हे. मे महिन्यातली हवा दुप्पट दाबली तर ती १३० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. शिवाय ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटायला बघतं, इंजिन आतून ठोकतं. ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागं घेतो आणि ताकद जाते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवतात: ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या नागमोडी घड्या, समोरून येणारा वारा त्यातून जातो आणि आतली हवा निवते. गाडी पळत असेल तर ठीक. रांगत असेल तर वारा नाही, आणि अख्खा इंटरकूलर भट्टीच्या तोंडाशी ठेवलेल्या तव्यासारखा तापत जातो.

मेस्त्रीनं उपाय सुचवला तो जाड पट्ट्यांचा मोठा इंटरकूलर. वजन जास्त, त्यामुळं तापायला वेळ लागतो आणि घाटात दम धरतो. ७० अंशांची हवा ५५ वर आली तर साडेचार टक्के दाट होते. फार नाही, पण ठिणगी जागेवर राहते हा खरा फायदा. बाहेरच्या हवेपेक्षा थंड मात्र तो कधीच करू शकत नाही. आणि उगाच मोठा घेतला तर एवढी पोकळी भरायलाच वेळ जातो, पाय दाबल्यावर गाडी विचार करत बसते. त्यातला मधला घेतला. पंचेचाळीस हजार. एक काढून एक बसवायचा. वहीतला आकडा हलत नव्हता.

जुना काढायला त्यानं बंपर उतरवला, तेव्हा मी जवळच उभा होतो.

जाळीचा वरचा अर्धा भाग करडा दिसत होता. मला वाटलं धूळ. वाकून बघितलं तर पंख होते. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती येतात त्या पाखरांचे, कागदासारखे, एकावर एक चिकटलेले. पतंगांची पूड. माश्यांचे काळे ठिपके पत्र्याच्या घडीत भाजून बसलेले. आणि एका कोपऱ्यात एक चतुर, जवळजवळ सबंध. डोकं वाकलेलं, पण चारही पंख शाबूत, त्यांवरच्या शिरा बारीक जाळीसारख्या उजेडात दिसत होत्या. मेस्त्री एअर गन घेऊन आला. मी म्हटलं, "थांब जरा." नखानं हळूच तो चतुर सोडवला आणि खालच्या वर्तमानपत्रावर ठेवला. त्याचं काय करायचं होतं, मला माहीत नाही. मेलेलाच होता.

लहानपणी पाठशाळेत आम्ही जीवांचे प्रकार पाठ केले होते. किती इंद्रियं, त्यावरून. माशी, भुंगा, पतंग, चतुर हे चार इंद्रियांचे जीव: स्पर्श, चव, गंध आणि दृष्टी. कान नाहीत. म्हणजे हा मला बघू शकत होता, पण ऐकू शकत नव्हता. हॉर्न त्याच्यासाठी नव्हताच कधी. गृहस्थाला हिंसा पूर्ण सुटत नाही हे आपलं शास्त्र मान्य करतं. जाणूनबुजून केलेली, संकल्पी हिंसा त्यानं सोडावी. संसारात, उद्योगात जी घडते तिच्याबद्दल जागं राहावं. मी आजवर 'घडते' या शब्दापाशी थांबत आलो होतो. 'जागं राहावं' हे त्या जाळीसमोर पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तरीही नवा बसवला. हे लपवत नाही. आणि काम चोख झालं. पुढच्या रविवारी भर दुपारी गगनबावड्याकडं जाऊन आलो, गाडी कुठंही दमली नाही. गाडी परत दाखवायला गेलो तेव्हा मेस्त्री खूश होता. "साहेब, आता एवढं केलंय तर मॅपपण मारून घेऊया की. हवा थंड जातीय, इंजिन मागेल तेवढं घेईल. चाळीस-पन्नास घोडे वाढतील."

मॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे. टर्बोनं किती दाबायचं, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा. त्यात वस्तू काहीच नाही. नट नाही, बोल्ट नाही, एक ग्रॅम वजन वाढत नाही. मी आठ दिवस मागितले, आणि ते आठ दिवस मी वाईट काढले. वहीत लिहिण्यासारखं काही वाढणार नव्हतं, पण रात्री झोपताना ते चाळीस-पन्नास घोडे डोळ्यांपुढं असायचे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. 'हे माझं' या गुंगीवरून. ती गुंगी काहीही न घेता कशी येते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

पण नुसती मूर्च्छेची व्याख्या धरूनही भागत नाही. मग माणूस म्हणतो, माझी आसक्ती नाही, सबब कितीही असलं तरी चालेल. आमच्या भागात अशा वेळी भरत चक्रवर्तीचं नाव घेतात: सहा खंडांचा धनी, पण मनानं विरक्त, दीक्षा घेतली आणि अंतर्मुहूर्तात, म्हणजे थोड्याच वेळात, केवलज्ञान. मीही घेतलंय ते नाव, बंगल्याच्या वास्तूला. आता ते घ्यायचं मला धाडस होत नाही. आपल्या मनाची साक्ष आपणच काढायची, तर निकाल ठरलेला असतो. म्हणूनच आकडा लिहून ठेवायला सांगितलंय. आणि आकडाही अपुरा पडतो, हे जाणणारं कुणीतरी होतंच.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताचे पाच दोष दिले आहेत. घरात प्रत होती, कित्येकदा वाचलेली. अतिसंग्रह, लोभ, दुसऱ्याचं वैभव बघून विस्मय, अतिभार लादणं, हे समजायला सोपे. पण पाचांतला पहिलाच आहे अतिवाहन. गाडीचे बैल त्यांच्या शक्तीपलीकडं पळवणं. मी चमकलो. बैल तेवढेच आहेत, एक जोडी, वहीत लिहिली तेवढीच. संख्या मोडलेली नाही. पण त्याच जोडीकडून जास्त ओढून घेतलंस, तर व्रताला बट्टा लागला. म्हणजे आचार्यांनी माझी पळवाट मी जन्मायच्या कितीतरी आधी बघून ठेवली होती.

आज्जाची उसाची गाडी मला आठवते. कारखान्याच्या वाटेवर एक चढ होता. चढ आला की आज्जा खाली उतरायचा, जूवर एक हात ठेवून बैलांच्या बरोबरीनं चालायचा. मी वर बसलेला असलो तर मलाही उतरवायचा. माझं वजन ते किती, सात-आठ वर्षांचं पोर! पण उतरायचंच. मागच्या गाड्यांतले लोक ओरडायचे, वाट अडली म्हणून. आज्जा वळूनही बघायचा नाही.

आता कुणी म्हणेल, इंजिन म्हणजे बैल नव्हे. त्याला तहान नाही, फेस येत नाही. बरोबर आहे, इंजिनाला काही होत नाही. या प्रश्नानं मला दोन दिवस अडवलं, कारण उत्तर मिळालं नसतं तर मी मॅप मारून घेतला असता. उत्तर त्या वर्तमानपत्रावर होतं. बैलगाडीत ओढणाराच सोसायचा, म्हणून मालकाला दिसायचं. गाडीत ओढणारा सोसत नाही, समोर येणारा सोसतो, आणि तो बंपरच्या आत असतो. ते बघायला बंपर उतरवावा लागतो.

आठव्या दिवशी आक्काकडं गेलो आणि सगळं सांगितलं: इंटरकूलर, पंख, मॅप, आचार्य. घाटात तिचं जेवण चुकायची वेळ आली म्हणून हे सुरू केलं, हेही सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"माझ्यासाठी केलंस म्हणतोस," ती म्हणाली, "मग रत्नागिरीतनं अर्धा तास आधी का नाही निघालास?"

त्या दिवशी निघताना मी बंदरावर ओळखीच्या माणसाशी धंद्याचं बोलत उभा होतो. आक्का गाडीत बसून होती. हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती पुढं काही बोलली नाही. सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

इंटरकूलर गाडीत आहे. तो काढून टाकला तर व्रत शुद्ध होईल असं मला वाटत नाही. तो तापलेल्या यंत्राला निववतो, एवढ्यापुरता मी त्याला चढावर उतरून चालण्याच्या जागी धरतो. कदाचित हीही माझी सोयच असेल. मेस्त्रीला मॅपसाठी नको म्हणून सांगितलं. त्याला कारण पटलं नाही, पण पोरगा समजूतदार, आग्रह केला नाही.

घरी येऊन वही काढली. 'चारचाकी एक' याच्या पुढं थोडी जागा होती. तिथं लिहिलं: आहे त्याहून जास्त ताकद काढून घेणार नाही. पावसाळ्यात अंधार पडल्यावर घाटात चाळीसच्या वर नाही. खालच्या ओळीत, आक्काचं नाव घालून: हिला घेऊन जाताना परतीला दुपारी तीनच्या आत निघणार. तारीख घातली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बस्तीत जाऊन ती पानं भगवंतासमोर उघडी ठेवली.