पाहुणी

संक्रांत झाली की आमच्या आळीतल्या पोरींची नजर सुगडांवर असायची. ववसा उरकला, सुगडातली बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे खाऊन झाले, की आई ती बोळकी आम्हाला देऊन टाकायची. बाजारात खेळणी मागितली की धपाटा मिळायचा. हा संसार मात्र वर्षातनं एकदा फुकट पदरात पडायचा.

गोठ्यामागं, चिंचेखाली भातुकली मांडायची. घर म्हणजे खडे लावून आखलेली चौकट. भिंत नाही, छप्पर नाही. दार कुठं ते मात्र ठरलेलं. कुणी खड्यांवरनं आत आलं की ओरडा व्हायचा, "अगं, दारातनं ये की!" तीन दगडांची चूल, वाळूचा भात, विटेच्या भुकटीचं तिखट. स्वयंपाक पाच मिनिटांत तयार. मग खरी अडचण यायची, जेवायला कोण? सगळ्याच घरधनिणी! शेवटी एकीला पाहुणी व्हावंच लागायचं, कारण पाहुणी आल्याशिवाय खेळ पुढं सरकायचा नाही. ती आली की, "बसा, पाणी घ्या. लगीच काय निघालात? ऱ्हावा की आठ दिस."

पोरांचं खूळ वेगळं. ती दिवाळीत किल्ला करायची. चाकणचा संग्रामदुर्ग आमच्या जवळचा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढं तो जवळजवळ दोन महिने लढवला, हे गुरुजींनी सांगितलेलं. म्हणून पोरं आधी खंदक खणायची. किल्ल्यानं परक्याला बाहेर ठेवायचं आणि घरानं माणसाला आत घ्यायचं, एवढं आम्हाला न शिकवता कळत होतं.

पुढं चाकण बदललं. १९९९ साली बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगनचा. आम्ही कांदा लावायचो त्या वावरातनं रस्ता गेला. उरलेल्या तुकड्यावर आम्ही दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या आणि शेजारी स्वतःला बंगला बांधला. मला काय काय हवं होतं! घरात संडास, ग्रॅनाइटचा ओटा, दाराला लोखंडी जाळी, फाटकावर कॅमेरा. नकाशा काढणाऱ्यानं विचारलं, "पाहुण्यांची खोली?" आमचे मालक म्हणाले, "हल्ली येतंय कोण?" त्या जागेची अडगळीची खोली झाली. मीही काही बोलले नाही.

भाडेकरूंना एक नियम घातला. पाहुणा दोन दिवस, पुढं दिवसाला शंभर रुपये. तो काही वाईट बुद्धीनं केला नव्हता. उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागतो, टाकी एकच, आणि एका खोलीत चारची सात माणसं व्हायला वेळ लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात हिंगोलीकडच्या एका भाडेकरूची आई डोळ्याच्या ऑपरेशनला आली. पाचव्या दिवशी मी दारात उभी राहिले. त्यानं काही न बोलता तीनशे रुपये काढून दिले. दुसऱ्या दिवशी म्हातारी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून एसटीला गेली.

आठवडाभरानं त्याची पोरगी बोळात खेळत होती. खडूची चौकट, बाटल्यांची झाकणं, त्यात वाळू. रुमालात गुंडाळलेली बाहुली समोर बसवलेली. तिनं तिला भात वाढला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजी, आता जा तू. मावशी पैसे मागतील."

मावशी म्हणजे मी.

त्या रात्री मी मनाची समजूत घातली. भातुकलीत आम्ही उदार होतो, कारण वाळूला पैसा पडत नव्हता. खऱ्या भाताला, खऱ्या पाण्याला पडतो. लहानपणी सगळेच मनानं मोठे असतात, व्यवहार नंतर शिकतो. पण हे काही पटेना. वाळू त्या पोरीलाही फुकटच होती. तरी तिनं आजीला घालवलं.

मग आठवली ती आत्या. बाळंतपणानंतर ती आमच्या मातीच्या घरात महिनामहिना राहायची. आम्ही नऊ माणसं, त्यात ती आणि तिचं लेकरू. आई शेवटी जेवायला बसायची आणि कधीकधी अर्धी भाकरी खाऊन उठायची. आत्या निघाली की, "ऱ्हावा की आठ दिस," हे आईच म्हणायची. आम्ही चिंचेखाली तेच म्हणत होतो. लहानपणाचा चांगुलपणा म्हणून मी जो जपून ठेवला होता, तो आईच्या अर्ध्या भाकरीतनं आलेला होता. पोरं मनातलं घर मांडत नाहीत. मोठ्यांचं जे बघतात, तेच मांडतात. त्या पोरीनं माझं घर मांडलं होतं.

तीनशे रुपये मी परत नेऊन दिले. तो घ्यायला तयार नव्हता. मी उंबऱ्यावर ठेवून आले. मालकांशी वाद झाला. "पाण्याचं काय?" ते म्हणाले, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की दवाखान्यासाठी आलेल्या माणसाला आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीला पैसे लावायचे नाहीत. बाकीच्यांना नियम तोच आहे.

यंदा संक्रांतीची सुगडं मी त्या पोरीला दिली. खूश झाली. बोळातनं बोळक्यांचा आवाज येतो. ती पाहुणीला काय म्हणते, ते ऐकायला मात्र मी अजून गेलेले नाही.