अंथरुणाला खिळलेली वर्षे आणि आपली तरतूद



मृत्यूच्या तयारीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. जुम्याच्या खुतब्यात कफनाचा, कबरीचा आणि हिशेबाच्या दिवसाचा उल्लेख येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु मृत्यूच्या आधी एक काळ असा येऊ शकतो की ज्यात माणूस जिवंत तर असतो, पण स्वतःच्या हाताने वुजू करू शकत नाही, कूस बदलू शकत नाही, कधी कधी आपल्याच मुलाचे नावही त्याला आठवत नाही. हा काळ काही आठवड्यांचा असेल किंवा काही वर्षांचा. त्याच्या तयारीविषयी मात्र आपण गप्प असतो. दिव्य कुरआन गप्प नाही. सूरह रूममध्ये (३०:५४) माणसाची वाटचाल दुर्बलतेकडून सामर्थ्याकडे आणि पुन्हा दुर्बलतेकडे कशी होते हे सांगितले आहे. सूरह नहलमध्ये (१६:७०) अशा निकृष्ट वयाचा उल्लेख आहे की ज्यात सर्व काही जाणल्यानंतरही माणूस काहीच जाणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) या वयापासून अल्लाहचा आश्रय मागत असत, असे सहीह बुखारीतील हदीसवरून कळते. ज्या अवस्थेपासून प्रेषितांनी आश्रय मागितला, ती आपल्या घरी येणारच नाही असे गृहीत धरून आपण संसाराचा हिशेब मांडतो, हे नवल नव्हे काय?

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिचे वय चौऱ्याहत्तर होते. मी नोकरी करीत होतो तेथील सामुदायिक आरोग्य विम्यात आईचेही नाव होते, आणि रुग्णालयातील नऊ दिवसांचे देयक विमा कंपनीने जवळजवळ पूर्ण चुकते केले. आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि तिला घरी आणले. त्यानंतर ती तीन वर्षे दोन महिने अंथरुणावर होती, आणि या अडतीस महिन्यांसाठी त्या पॉलिसीत एका रुपयाचीही तरतूद नव्हती. कंपनीने फसविले असे मुळीच नाही. कागदावर सर्व स्पष्ट लिहिले होते, आम्ही ते वाचले नव्हते एवढेच.

ही बाब नीट समजून घ्यावी. आपल्याकडे ज्याला मेडिक्लेम म्हणतात तो विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा असतो. शासनाच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तो मोठाच दिलासा आहे आणि पात्र असलेल्यांनी कार्ड काढण्यात आळस करू नये. परंतु तेही रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी परतल्यावर लागणारी हवेची गादी, वर-खाली होणारी खाट, लघवीची नळी, डायपर, नाकातून अन्न देण्याची व्यवस्था, फिजिओथेरपी करणाऱ्याच्या फेऱ्या आणि या सर्वांपेक्षा मोठा खर्च म्हणजे दिवसभर जवळ बसणाऱ्या बाईचा पगार, हे सारे कुटुंबाच्या खिशातून जाते. समजा, अशा बाईला दिवसाचे सहाशे रुपये द्यावे लागले, तर महिन्याचे अठरा हजार आणि वर्षाचे दोन लाख सोळा हजार झाले. चार वर्षांचे साडेआठ लाखांच्या वर गेले. रात्रपाळी यात धरलेली नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये अशा दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा सार्वजनिक विमा सुरू केला. जपानमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून त्याची वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. मुले आहेत, सुना आहेत, असेच आपण धरून चालतो.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका येईल. उद्याच्या आजारपणासाठी आज पैसा बाजूला ठेवणे, हा तवक्कुलचा अभाव नाही काय? रोजी देणारा अल्लाह आहे, मग ही धास्ती कशासाठी? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले. तिर्मिजीतील ही हदीस आपल्याला पाठ असते, पण आपण ती दुसऱ्याला ऐकविण्यासाठीच वापरतो. आदरणीय यूसुफ (अलै.) यांनी सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिला, पुढच्या सात दुष्काळी वर्षांसाठी. ते प्रेषित होते. त्यांच्या तवक्कुलविषयी कोण शंका घेईल? स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य वेगळे काढीत, असे आदरणीय उमर (रजि.) यांच्या कथनातून समजते. आदरणीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपली बहुतेक संपत्ती दान करू इच्छित होते. त्यांना प्रेषितांनी एक तृतीयांशावर थांबविले, आणि तेही पुष्कळ आहे असे म्हटले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे बरे, हे त्यामागचे कारण सांगितले. जो बाप आपल्या म्हातारपणाची काहीच तरतूद करीत नाही, तो मुलांना मृत्यूनंतर नव्हे, तर आपल्या हयातीतच हात पसरायला लावतो.

तरतूद करावी, हे ठरले. पण ती विम्याने करावी काय? हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. व्यापारी विम्यात तीन दोष दाखविले जातात. हप्ता भरणाऱ्याला काय मिळेल, कधी मिळेल, मिळेल की नाही, हे अनिश्चित असते. त्यात पैज लावल्यासारखा एक अंश येतो. आणि कंपनी जमा पैसा व्याजी रोख्यांत गुंतविते. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये याच विचाराने व्यापारी विमा निषिद्ध ठरविला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला मान्यता दिली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, मलेशियाने तकाफुलचा कायदा केला. तकाफुलमध्ये सभासद आपली वर्गणी एकमेकांच्या मदतीसाठी दान म्हणून देतात, संस्था ती केवळ सांभाळते आणि शिल्लक सभासदांची असते. त्यामागची भावना फार जुनी आहे. अशअरी कबिल्याचे लोक टंचाईच्या काळात आपल्याजवळचे सर्व अन्न एका कापडावर गोळा करीत आणि समान वाटून घेत, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले.

भारतात तकाफुलचा परवाना असलेली विमा कंपनी नाही. म्हणून येथील विद्वानांचे मत एकसारखे राहिलेले नाही. दंगलींत घरेदारे जळताना पाहिल्यावर काही विद्वानांनी गरजेपोटी विम्याला सवलत दिली; इतरांनी ती मान्य केली नाही. मी आलिम नाही, फतवा देण्याचा अधिकार मला नाही, आणि आपणही तो या लेखातून काढू नये. ज्यांच्या ज्ञानावर आणि ईशभयावर आपला विश्वास आहे अशा मुफ्तींसमोर आपली खरी परिस्थिती मांडावी. विचारताना मात्र 'विमा जायज आहे का?' एवढेच विचारू नये. नोकरीच्या ठिकाणी मिळणारा सामुदायिक विमा, शासनाची मोफत योजना आणि स्वतः विकत घेतलेली बचतीची पॉलिसी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिघींचे उत्तर एकच असेल असे नाही. आणि एक गोष्ट मला खटकते ती सांगून टाकतो. घरासाठी व्याजाचे कर्ज काढताना, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करताना ज्यांना शरीअत आठवत नाही, त्यांना आईच्या औषधोपचाराची तरतूद करण्याची वेळ आली की नेमकी ती आठवते.

तरीही वर म्हटल्याप्रमाणे, विमा घेतला तरी अंथरुणावरच्या वर्षांचा बहुतेक खर्च त्यात बसत नाही. म्हणजे वाद विम्याचा आहे, आणि गरज मात्र त्याच्या बाहेर उभी आहे. ती बचतीतून भागवावी लागते. बचतीचेही हिशेब आहेत. व्याज घ्यायचे नाही, महागाई तर थांबत नाही, आणि निसाबाच्या वर असलेल्या रकमेवर दर चांद्रवर्षी अडीच टक्के जकात द्यायची आहे. आठ लाख बाजूला ठेवले तर वर्षाला वीस हजार. यात कुरकुर करण्यासारखे काही नाही, कारण ते वीस हजार अशाच एखाद्या घरी जातात जेथे बाजूला ठेवायला काहीच नव्हते. पण ही बचत तिशी-चाळिशीतच का सुरू केली पाहिजे, हे या आकड्यावरून ध्यानात येईल. ज्यांना शक्य आहे त्यांनी भाड्याने देता येईल अशी एखादी खोली किंवा गाळा राखावा. आणि हयातीतच राहते घर एखाद्या मुलाच्या नावावर करून मोकळे होण्याची घाई करू नये. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, पण आपल्याच मुलाविरुद्ध तेथे अर्ज करायला जाणारी आई मी पाहिली आहे. ते दृश्य कोणाच्या वाट्याला न येवो.

आता त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. पैसा कमी पडला तर उरलेला खर्च कोण देते? ती घरातील एखादी स्त्री देते, आपल्या आयुष्याने. आमच्या घरी ती माझी धाकटी बहीण होती. ती शाळेत शिकवीत असे. आई आजारी पडल्यावर तिने नोकरी सोडली आणि आम्ही तिघा भावांनी तिला 'जन्नत कमावते आहेस' असे म्हटले. ते खोटे नव्हते. वृद्धावस्थेत आई-वडील लाभूनही जो जन्नतमध्ये जाऊ शकला नाही, त्याच्याविषयी प्रेषितांनी (स.) तीन वेळा धिक्काराचे शब्द उच्चारले, हे आम्हाला ठाऊक होते. मग ती जन्नत एकट्या तिलाच कमवू देण्यात आम्ही एवढे उदार कसे झालो? सूरह बनी इस्राईलमधील आज्ञा (१७:२३) सर्व अपत्यांना आहे. गरजू आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी हनफी फिकहमध्ये मुलगा आणि मुलगी यांच्यावर सारखी मानली आहे. सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेचे सौजन्य आहे, मोठे पुण्य आहे. मात्र ते तिच्यावरचे कायदेशीर कर्तव्य नाही. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. सून आणि मुलगी राबतात, मुलगे विचारपूस करतात.

आई गेल्यानंतर आम्ही भाऊ बहिणीला काही जास्त देऊ पाहत होतो. तेव्हा कळले की आईने आधी काही केले नसेल, तर तिचा वाटा वारसा हक्काने ठरेल तेवढाच. वारसाच्या नावे वसीयत करता येत नाही. मृत्यूच्या आजारात दिलेली देणगीही वसीयतीसारखीच धरली जाते, इतर वारसांच्या संमतीवाचून ती वारसाला लागू होत नाही. म्हणजे सेवा करणाऱ्या अपत्यासाठी काही करायचे असेल तर आई-वडील धडधाकट असतानाच, सर्वांना सांगून, त्याचा मोबदला ठरवावा लागतो. देणगी असेल तर मुलांमध्ये समानता राखण्याची ताकीद आहे, हे आदरणीय नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसवरून कळते. पण कामाचा मेहनताना ही देणगी नव्हे. आपल्या मुलीने नोकरी सोडली, तर इतर भावंडांनी दरमहा तिच्या हातावर ठराविक रक्कम ठेवणे यात सेवेचा अपमान होतो, असे मला तेव्हा वाटले होते. आज वाटत नाही. आम्ही आमच्या वाट्यांतून तिला रक्कम दिली. तिने ती घेतली आणि काही बोलली नाही. तिची शाळेतील जागा मात्र केव्हाच भरली गेली होती.

ज्या घरात मुलेच नाहीत, किंवा आहेत पण त्यांचीच हातावर पोटे आहेत, तेथे काय करावे? इमाम अबू यूसुफ यांच्या किताबुल खराजमध्ये दारोदार मागणाऱ्या एका वृद्ध, आंधळ्या यहुद्याची हकीकत आहे. आदरणीय उमर (रजि.) यांनी त्याला घरी नेले, काही दिले, आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ करून बैतुलमालमधून त्यांचा निर्वाह लावून दिला. तरुणपणी ज्याच्याकडून घेतले त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्याय नव्हे, हा त्यांचा विचार होता. आपल्याजवळ खिलाफत नाही, पण मोहल्ला आहे. दोनशे घरांनी दरमहा शंभर रुपये दिले तर वीस हजार होतात. त्यातून एका घरच्या आजाऱ्याजवळ दिवसा बसणाऱ्या बाईचा पगार भागतो. हे थोडे आहे. पण त्यात अनिश्चित नफा नाही, व्याज नाही, आणि कोणाची घरोघर जाऊन याचनाही नाही.

आईची वर-खाली होणारी खाट आम्ही मशिदीच्या कमिटीला दिली. पुढे कोणी हवेची गादी दिली, कोणी व्हीलचेअर. कमिटीच्या वहीत आता कोणती वस्तू कोणाकडे गेली याची नोंद असते. गेल्या आठवड्यात मी वही चाळली. खाट सध्या सहाव्या घरी आहे, आणि तिच्यासाठी आणखी दोन नावे लिहून ठेवलेली आहेत.