अम्मी टाटाला गेली

आपल्या घरांत कॅन्सरचं नाव कोणी घेत नाही. 'टाटाला नेलंय' एवढंच दबक्या आवाजात म्हणतात. परळचं ते रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. मोठ्यांना पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीला मात्र 'टाटा' म्हणजे हात हलवून निरोप, एवढंच ठाऊक. अम्मी खालाकडे गेलीय, असं तिला सांगितलेलं. अम्मी परतली ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून.

"टीचर, मी दूध सांडलं म्हणून अम्मीचे केस गेले?"

लहान मूल प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःत शोधतं, हे बी.एड.ला पाठ केलं होतं. मार्कांपुरतं.

असं खोटं बोलणं म्हणजे रहमच, असं वडीलधारे म्हणतात. मला पटत नाही. हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या भावांनी खोट्या रक्ताचा कुर्ता आणला, वालिदांनी तो ओळखला. मुलंही ओळखतात, फक्त दोष स्वतःकडे घेतात. नुसतं 'अल्लाहची मर्जी' म्हटलं, तर सात वर्षांचं पोर त्यातून सजाच वाचतं.

तिच्या अम्मीला विचारून मी आजाराचं नाव सांगितलं. तुझ्यामुळे झाला नाही, मिठी मारल्यानं लागत नाही. औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना मारतं, त्यात केसांची मुळंही सापडतात. पुढे केस येतात.

"अम्मी बरी होणार?"

इन्शाअल्लाह म्हटलं. त्याचा अर्थही सांगितला: आपल्याला ठाऊक नाही, त्याला ठाऊक आहे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग आज अम्मीजवळ झोपू?"