जागलीचें मोल

दयेइतका सोपा सद्गुण दुसरा नाहीं, असें आपल्या पांढरपेशा वर्गाला सामान्यतः वाटत असतें. मुंग्यांना साखर घालणें, पांखरांसाठीं पाण्याचें भांडें टांगणें, शिकारीची बातमी वाचून हळहळणें, यांपैकीं कशालाहि फारसा खर्च येत नाहीं. परंतु जिला खर्च येत नाहीं ती दया कीं नुसती हौस, हा प्रश्न एकदां तरी नीट विचारला पाहिजे. आणि तो विचारण्यास नांदेड-लातूरकडील हिवाळ्यांतल्या शेताइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं.

पौष-माघांत गोदावरी आणि मांजरा यांच्या कांठीं थंडी चांगलीच बोचूं लागते. ज्वारी हुरड्यावर येते, हरभऱ्याला घाटे धरतात, कारखान्यांचा गळीत हंगाम भरांत असतो. उसाचा फड म्हणजे कोल्ह्याचें घर. ऊसतोड सुरू झाली कीं तें घर उघडें पडतें, आणि नेमक्या याच सुमारास कोल्ह्यांचा जोडीचा काळहि जवळ येतो. म्हणून या रात्रीं कोल्हेकुई फार ऐकूं येते. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपण क्षुद्र मनुष्याला लावतों. पण तिच्या मुळाशीं शेतकऱ्याचें खरें निरीक्षण आहे. कोल्हा मांस खातो, तशींच बोरें, मका, टरबूज आणि ऊसहि खातो. संधि सांपडल्यास कोंबडी किंवा करडूं पळवितो. उलट, पिकाची नासाडी करणारे उंदीरहि तो नित्य खात असतो. तेव्हां तो शेतकऱ्याचा शत्रु कीं बिनपगारी गडी, याचें एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. तो दोन्ही आहे.

या पाहुण्यावर जुना उपाय म्हणजे जागल. माळ्यावर बसावें, शेकोटी पेटवावी, डबा वाजवावा, गोफण फिरवावी, कुत्रें भुंकलें कीं उठावें. या उपायांत कष्ट फार. पण त्यांत एक मोठा गुण आहे. जागल करणारा मनुष्य पाहतो. काय आलें, कोठून आलें, हांकलून भागतें किंवा नाहीं, याचा निवाडा तो त्या त्या वेळीं करतो. आतां जागलीची जागा पुष्कळ ठिकाणीं क्लचच्या तारेच्या फाशानें, विष घातलेल्या मांसानें आणि कुंपणांत सोडलेल्या विजेनें घेतली आहे. फास बहुधा रानडुकरांसाठीं लावलेला असतो. सांपडतो मात्र कोल्हा, कुत्रा, कधीं शेजाऱ्याचें वासरूं. विजेच्या कुंपणाला चिकटून माणसें मेल्याच्या बातम्याहि आपण वाचतों. तार रात्रभर जागते, पण पाहत नाहीं. आपल्या मालाचें रक्षण करण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या हक्कांत आंधळा मृत्यु पेरून ठेवण्याचा अधिकार येत नाहीं. बॅटरी आणि कुत्रीं घेऊन मौजेखातर केलेली शिकार, किंवा कोल्ह्याचें म्हणून विकल्या जाणाऱ्या 'शिंगा'च्या लोभानें केलेली हत्या, यांना तर रक्षणाचें नांवहि देतां येणार नाहीं.

इंग्रजी अमदानींत लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानें ही दृष्टि पालटली. आणि २०२२ सालीं झालेली त्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आल्यावर कोल्हाहि पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचींत गेला. मनुष्याचा जीव वांचविण्यासाठीं सद्हेतूनें जनावर मारावें लागलें, तर कायदा त्यास गुन्हा मानीत नाहीं. करडूं नेलें म्हणून मात्र कोल्ह्याला मारतां येत नाहीं. जीव आणि मालमत्ता यांतला हा भेद आम्हांस योग्य वाटतो. सरसकट मारून प्रश्न सुटतो असेंहि नाहीं. अमेरिकेंत कोल्ह्याचाच भाऊबंद जो कायोटी, त्याच्यावर शंभराहून अधिक वर्षें बंदूक आणि विष चाललें आहे. बर्फावर उमटलेल्या पावलांवरून माग काढून शेतांतून त्याची शिकार होते. एवढें होऊनहि तो जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकाभर पसरला. एक जागा रिकामी झाली कीं शेजारचीं तरुण जनावरें ती भरून काढतात.

येथवर आमचे बहुतेक वाचक मान डोलावतील. खरी अडचण पुढेंच आहे. 'मारूं नका' ही आज्ञा सर्वांच्या नांवानें निघते. तिचें बिल मात्र एकाच घरीं जातें. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला वीज रात्रीं मिळते, त्यानें हरभऱ्याला पाणी द्यावें कीं दुसऱ्या शेताची राखण करावी? वन्य जनावरांनीं मारलेल्या गुराढोरांबद्दल सरकार भरपाई देतें, हें खरें. पण तिला पंचनामा लागतो, आणि उचलून नेलेलें करडूं पंचनाम्यासाठीं मागें कांहींच ठेवून जात नाहीं. जिच्याजवळ दोनच शेळ्या आहेत, अशा भूमिहीन बाईची वर्षाची शिल्लक त्या करडांतच असते.

शिबि राजाची महाभारतांतली कथा सर्वांनीं ऐकलेली आहे. शरण आलेल्या कपोताला त्यानें अभय दिलें, तेव्हां ससाण्यानें विचारलें कीं, माझें भक्ष्य काढून घेतां, मग मीं काय उपाशीं मरावें? राजानें त्याला पापी म्हणून हांकलून दिलें नाहीं. त्यानें ससाण्याचें गाऱ्हाणें खरें मानलें आणि कपोताच्या भारंभार मांस स्वतःच्या मांडीचें कापून तराजूंत घातलें. तेंच मांस त्यानें शेजाऱ्याच्या मांडीचें कापून घातलें असतें, तर ही कथा कोणीं पुण्यकथा म्हणून सांगितली असती काय? कोल्ह्याला अभय देणारे आपण, आणि तराजूंत पडतें तें त्या शेळीवालीचें करडूं!

यावर कोणी म्हणेल कीं, माळरानें नांगरून कोल्ह्याचें रान शेतकऱ्यानेंच घेतलें, तेव्हां भोग त्यानेंच भोगावे. परंतु माळरान मोडून झालेल्या उसाची साखर आपल्याच चहांत पडते. लाभ वांटून घेतला, तर ऋणहि वांटून घेतलें पाहिजे. शेळ्यांना रात्रीं बंदिस्त वाडा, मारून न टाकतां नुसता झटका देणारें सौर कुंपण, शेजाऱ्यांच्या साक्षीवर त्वरित मिळणारी भरपाई, आणि शेतीला दिवसा वीज, या गोष्टी अशक्य नाहींत. २०१७ सालीं राज्यानें काढलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेचा उद्देश दिवसा वीज देणें हाच आहे. अशा कामांवर आपल्या करांतला पैसा खर्च होऊं लागला, तर त्याविरुद्ध कुरकुर न करणें ही शहरांतल्या दयेची पहिली परीक्षा होय.

कोल्हा जगावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. पण तो ज्याच्या शेतांत जगणार, त्याच्या जागलीचें मोल आपण दिल्याशिवाय त्याला फास काढ म्हणून सांगण्याचा आपला अधिकार अपुराच राहील.